मेव्हण्याच्या हातून मारलेलं झाड

आमच्या बारामतीच्या घराच्या गच्चीवर वड, पिंपळ, उंबर यांतलं एकही झाड नव्हतं. हे मी मुद्दाम ठरवून केलं होतं. बोन्साय करणारा जो तो वडापासून सुरुवात करतो आणि बहुतेक जण तिथंच संपतात. मला वेगळं दिसायचं होतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. आपल्याकडं कालव्याच्या कडेला, शाळांच्या कुंपणाला, बांधांवर मूळची ऑस्ट्रेलियातली जी झाडं लावलेली आहेत, निलगिरी, सुरू, बॉटलब्रश, सिल्व्हर ओक, त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. निलगिरीला तर आमच्या मूळ गावी, शेळगावात, शिव्याच घालतात, बांधावर उभी राहून उसाचं पाणी पिते म्हणून. असली ताडमाड झाडं मी ताटलीएवढ्या मातीत, हातभर उंचीत उभी केली. गावात नाव झालं. 'ऑस्ट्रेलियावाले सर' म्हणायचे मला.

ती झाडं जगवायचं काम बायको करायची. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलं असतं तर हसून उडवून लावलं असतं.

मी वाचायचो. सुरूची फांदी हिरवं संपलं तिथून मागं छाटली तर पुन्हा फुटत नाही, वाळून जाते. बॉटलब्रशला उन्हाळ्यात कुंडीखाली पाण्याचा ट्रे ठेवला तरी चालतो, उलट आवडतो. निलगिरीची मुळं थंडीत कापायची नाहीत. हे सगळं मी तिला संध्याकाळी चहा पिता पिता सांगायचो, आणि दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर जाऊन करून बघायची. कुठल्या फांदीला किती ओढलं की ती मोडते, हे तिच्या बोटांना कळायचं. मला तार गुंडाळायला आवडायचं. एकदा गुंडाळली की मी विसरून जायचो. तार सालीत रुतायची, खोडाला वळ उठायचे. मग ती कटर घेऊन बसायची आणि एकेक वेढा तोडून काढायची. 'अहो, किती दिवस ठेवायची ती,' एवढंच म्हणायची.

घरी कुणी झाडं बघायला आलं की मी पुढं आणि ती मागं. 'ह्या पाणी घालतात का?' असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, 'पाणी घालायला माणूस ठेवता आला असता, पण तेवढाच हिला विरंगुळा.' लोक हसायचे. ती चहा आणायला खाली जायची.

एका वर्षी गावातल्या बागप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनात पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी माझ्या सुरूपुढं उभं राहून विचारलं, 'कुंडी बदलताना मुळं धुऊन घेता का?' मी म्हणालो, 'अर्थात. स्वच्छ धुऊनच लावायचं.' ती माझ्या मागं उभी होती. हळूच म्हणाली, 'नाही हो. जुनी माती ठेवावी लागते थोडी. धुऊन लावलं की मरतं ते. आम्ही दोन मारलीत तशी.'

परीक्षक तिच्याकडं वळले. वळले ते वळलेच. बॉटलब्रशचं विचारलं, निलगिरीचं विचारलं, पानं बारीक कशी आणता ते विचारलं. ती आधी माझ्याकडं बघून उत्तर देत होती, नंतर बघायचंही राहून गेलं. जाताना ते गृहस्थ हसत म्हणाले, 'सर, पुढच्या वर्षी पाटीवर बाईंचं नाव येऊ द्या.'

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मी म्हणालो, 'भाजीत मीठ जास्त झालंय.' झालं नव्हतं.

पुढं पावसाळ्यात मंडळाच्या सेक्रेटरीबाई घरी आल्या आणि माझ्यासमोरच तिला म्हणाल्या, 'यंदा तुमच्या नावानं एक झाड हवं.' मला वाटलं ती नको म्हणेल. ती म्हणाली, 'सिल्व्हर ओक ठेवीन. तो माझाच आहे.'

खरंच तिचाच होता. तिच्या माहेरचा होता. ती नरसिंहपूरची. आई गेली तेव्हा तिचा भाऊ पाळण्यात होता. ह्या दहा वर्षांच्या पोरीनं त्याला कडेवर वाढवला. पुढं वडील गेले. तेव्हापासून तिला माहेर म्हणजे तो एक माणूस. माझा मेव्हणा. नदीकाठी त्याचा ऊस आहे. शिक्षण बेताचं, बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. आमच्या लग्नानंतर कितीतरी वर्षांनी एकदा तो तेलाच्या डब्यात बोटभर रोप घेऊन आला होता.

'आक्का, ह्ये बघ. शाळंच्या भितीत उगावलं व्हतं. गुरुजी उपटून टाकाय लागलं, म्या म्हटलं थांबा, आमच्या दाजींच्या देशाचं झाड हाय त्ये.'

'दाजींचा देश शेळगाव आहे रे,' ती म्हणाली होती.

'आरं हां, व्हय की!' म्हणून तो स्वतःच हसत सुटला होता.

ते रोप तिनं वाढवलं. वाढवलं म्हणजे वाढू दिलं नाही. सिल्व्हर ओकचं पान नेच्यासारखं कातरलेलं आणि चांगलं लांब असतं, कुंडीत शोभत नाही. ती दर वर्षी नवी पालवी येताच अर्धी खुडायची, म्हणजे पुढची पानं बारीक यायची. खोडाला तिनं एक वळण दिलं होतं. नदीकाठचं झाड पुराच्या बाजूला कलतं तसं. वारा आला की पानांची चंदेरी पाठ दिसायची. गच्चीवरचं सगळ्यात सुंदर झाड तेच होतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि म्हणून मी त्याला कधी प्रदर्शनात नेलं नव्हतं.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मेव्हणा नेहमीसारखा आला. इंदापुरातनं उसाच्या लागणीसाठी खत घेतलं होतं, तेच पिकअपमध्ये घालून तो परस्पर आमच्याकडं आला होता. खाली आमच्या फाटकापाशी गाडी, गाडीत डीएपीच्या गोण्या, त्यातली एक कोपऱ्याला फाटलेली. बायको स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. ती म्हणाली, 'तोवर याला झाड दाखवा. याचंच आहे ते.'

आम्ही गच्चीवर गेलो. तो झाडापुढं उकिडवा बसला.

'आयला, लई भारी केलंय की आक्कानं! पन दाजी, लई बारीक ठिवलंय हो. उपाशी हाय जनू.'

'उपाशीच आहे ते.'

'का? खत घालत न्हाय व्हय आक्का?'

इथं मला जे सांगायला हवं होतं ते मी वर्गात दर वर्षी फळ्यावर आकृती काढून सांगत होतो. ऑस्ट्रेलियातली जमीन फार जुनी, झिजलेली. तिच्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, अगदी थोडं. सिल्व्हर ओकच्या कुळातल्या झाडांची मुळं म्हणून झुपक्याझुपक्यांची असतात, मिळेल तो कण ओढून घेणारी. त्यांना पुरे म्हणता येत नाही. भरपूर स्फुरद घातलं की ओढत राहतात आणि त्यानंच मरतात. आणि डीएपीत स्फुरदच स्फुरद. बायकोलाही मी हे सांगितलं होतं, म्हणून ती त्या कुंडीत काहीच घालायची नाही.

मी म्हणालो, 'तिला कुठं कळतंय. तुमच्या गाडीत डीएपी आहे ना?'

'हाय की. पन त्ये उसाचं.'

'ऊस काय नि हे काय. चिमूटभर टाका. पुढं प्रदर्शन आहे, झाड कसं तरतरीत दिसेल. तिला मात्र आत्ता सांगू नका. झाड फुललं की मग सांगू, भाऊबीजेची भेट म्हणून.'

तो जरा घुटमळला. 'जळंल का न्हाय, दाजी?'

'मी शिकवतो ना हे कॉलेजात?'

एवढं त्याला पुरलं. तो खाली गेला आणि रुमालात बांधून खत घेऊन आला. मी चिमूटभर म्हटलं होतं, त्यानं मूठभर आणलं. उसाच्या माणसाची चिमूट तेवढीच असते, हे मला ठाऊक होतं. शेळगावात माझ्याच घरी मी ते बघत वाढलो होतो. मी त्याला अडवलं नाही. उलट म्हणालो, 'वर दिसू देऊ नका, शेवाळाखाली दाबा.' त्यानं त्या जाड बोटांनी मातीवरचा शेवाळाचा थर उचलला, फाटू नये म्हणून श्वास रोखून उचलला, आणि एकेक दाणा अंगठ्यानं मातीत दाबला. शेवाळ पुन्हा होतं तसं बसवलं. झारीनं पाणी घातलं. 'पोस बाळा,' म्हणाला झाडाला. मग नळाखाली हात धुतले, खाली येऊन पाटावर बसला, आणि तिनं त्याला ओवाळलं.

त्या संध्याकाळी कुंडी पाण्याच्या टबात बुडवून दोनचारदा निथळली असती तर झाड वाचलं असतं. दुसऱ्या दिवशीही वाचलं असतं. मी रोज सकाळी तिच्या आधी वर जायचो. बघायला. पहिल्यांदा पानांची टोकं तपकिरी झाली, मग कडा, मग कोवळी पालवी पिवळी पडून मान टाकू लागली. मला आनंद व्हायचा. हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. वाईटही वाटत होतं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण तेव्हा वाईट वाटलं नाही.

ती कुंडी सावलीत हलवायची, पुन्हा उन्हात आणायची. पानं पुसायची. एके दिवशी जेवता जेवता घास ठेवून म्हणाली, 'अहो, तुम्ही शिकवता ना हे? बघा ना जरा काय झालंय त्याला.'

मी चष्मा लावून वर गेलो. पान उलटं करून पाहिलं, खोड नखानं खरवडलं. म्हणालो, 'मुळं कुजली असणार. पाणी जास्त घालतेस तू. तुला सांगून ठेवलं होतं मी.'

ती दोन दिवस स्वतःला दोष देत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं कुजलेलं कापून टाकावं म्हणून झाड कुंडीतून उपसलं. मुळं कुजली नव्हती, काळी पडून जळाली होती. आणि शेवाळाखाली दाण्यांची राखाडी टरफलं होती. शेतकऱ्याची लेक. तिनं बोटांवर घेऊन चुरगाळलं आणि ओळखलं. माझ्याकडं डीएपी कधीच येत नव्हतं. तिनं भावाला फोन लावला. 'काय टाकलंस रे कुंडीत?' एवढंच विचारून फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटरसायकलवर आला. मी कॉलेजला जायच्या तयारीत, हॉलमध्ये चहा घेत होतो. तो दारातच उभा राहिला.

'आक्का, जरा डीएपी टाकलं व्हतं. मला वाटलं पोसंल.'

'कुणी सांगितलं तुला टाकायला?'

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी चहात चमचा फिरवत होतो. साखर केव्हाच विरघळली होती, तरी फिरवत राहिलो. तो वाट बघत होता. मी बोलेन असं त्याला वाटत होतं, शेवटपर्यंत वाटत होतं. मग तो म्हणाला, 'कुनी न्हाय. माझंच डोस्कं.'

आमच्याकडं भाऊ बहिणीपुढं जावयाला उघडा पाडत नाही. त्याचं काय जातं, तो आपल्या घरी परत जाणार. बहिणीला त्याच माणसाबरोबर त्याच घरात राहायचं असतं. हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि तो असंच करील हे मी भाऊबीजेच्या दिवशी, तो रुमाल सोडत होता तेव्हाच धरून चाललो होतो.

बायको एरवी बारामतीची भाषा बोलते. त्या दिवशी नरसिंहपूरची बोलली.

'तुला कडंवर घिऊन वाडीवला मी. माझ्या ताटातलं तुला दिलं. माझं म्हून येक झाड व्हतं रं, येक! तितं माझं नाव लागायचं व्हतं. तुझा हात लागंल त्याचं वाटुळं करतूस तू.'

'आक्का...'

'आक्का म्हनू नगंस. ह्या उंबऱ्यावर पुन्यांदा पाय ठिवू नगंस.'

तो खाली मान घालून ऐकत होता. आणि मी कप खाली ठेवून, शांत आवाजात, मोठेपणानं म्हणालो, 'जाऊ दे गं. अडाणी माणूस आहे.'

त्यानं एकदा मान वर केली. मग टोपी घातली आणि गेला.

प्रदर्शनासाठी तिच्या नावाची पाटी छापून झाली होती. ती गेली नाही. मी गेलो. बॉटलब्रशला पहिलं बक्षीस मिळालं. त्याचा आकार तिनंच आणलेला होता. बाईंचं झाड कुठाय म्हणून जो तो विचारत होता, आणि मी प्रत्येकाला रंगवून सांगत होतो. 'मेव्हण्यानं बोन्सायला उसाचा डोस दिला!' त्याचा आवाज काढून सांगायचो, 'दाजी, उपाशी हाय हो झाड!' लोक पोट धरून हसायचे. पुढं कितीतरी दिवस गावात तो विनोद चालला. कुणाचं झाड सुकलं की म्हणायचे, सरांचे मेव्हणे येऊन गेले वाटतं. एकदोघांनी तिच्यासमोरही म्हटलं. तिनं ऐकून घेतलं.

पुढच्या भाऊबीजेला त्यानं कुणाच्या तरी हाती साडी पाठवली. तिनं घडीसुद्धा न मोडता परत केली. त्या संध्याकाळी ती तबक घेऊन गच्चीवर गेली. जिला भाऊ नाही ती बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. द्वितीयेची कोर दिवस बुडाल्यावर थोडाच वेळ दिसते, म्हणून ती घाईनं जिना चढली. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. भाऊ नरसिंहपुरात धडधाकट होता, ऊस तोडत होता, आणि ही माझ्या निलगिरीच्या कुंड्यांमध्ये उभी राहून चंद्राला ओवाळत होती. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी खाली येऊन टीव्ही लावला. असं पुढं दर वर्षी झालं.

झाडांचं ती करत राहिली, पण पाण्यापुरतंच. कात्री लावायची नाही. कुंडी बदलायची नाही. मी करायला गेलो तेव्हा सुरूची फांदी हिरवं सोडून मागं छाटली आणि घालवली. जे करू नये म्हणून मी तिला शिकवलं होतं तेच. गच्चीवर झाडं नुसती माजल्यासारखी वाढली. बघायला येणारे कमी झाले.

यंदा मेव्हण्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा लोणी देवकरला कारखान्यात आहे. पत्रिका द्यायला तो आला. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला, आत आला नाही. बायकोनं बाहेर येऊन पत्रिका घेतली, पत्रिकेला हळदकुंकू लावलं, त्याला पाणी दिलं. तो सहा वर्षांत म्हातारा झाला होता. माझ्याहून लहान असून मोठा दिसत होता. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो.

गाडीचं दार धरून तो म्हणाला, 'दाजी, येक इचारू? राग नगा मानू. तवा तुमाला म्हाईत व्हतं का, मरंल म्हून?'

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, 'मला काय माहीत? मी चिमूटभर म्हटलं होतं.'

त्यानं मोठा श्वास सोडला. तोंडावरचा ताण उतरल्याचं मला स्पष्ट दिसलं.

'व्हय की. चिमूटच म्हनला व्हता तुमी. मूठ म्याच घातली. सा वरसं डोक्यात ह्योच किडा, दाजी आसं कशाला करतील, दाजी आसं कशाला करतील. बरं झालं इचारलं. पाप लागलं आसतं मला, तुमच्याबद्दल तसलं मनात आनून.' आणि त्यानं मला हात जोडले.

त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. मग आत जाऊन बायकोला सांगितलं. पश्चात्ताप झाला म्हणून सांगितलं की त्या जोडलेल्या हातांचा ताप झाला म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती मेथी निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. गच्ची, रुमाल, शेवाळ, आणि आत्ता गाडीपाशी काय बोललो तेही.

तिचे हात थांबले नाहीत. एक जुडी संपली, तिनं दुसरी सोडली.

'मी त्याला बोलत होते तेव्हा तुम्ही चहा पीत होतात.'

'हो.'

'अडाणी म्हणालात त्याला.'

'हो.'

'का केलंत?'

'पाटीवर तुझं नाव येणार होतं.'

ती हसली. खरंच हसली, नाकातून. 'एवढ्यासाठी?' म्हणाली. मग उरलेली जुडी निवडून संपवली. शेवटी म्हणाली, 'त्यानं तुमचं नाव घेतलं नाही, माझ्या संसाराला धक्का नको म्हणून. आणि मी त्याच संसारात बसून त्याला उंबऱ्याबाहेर काढलं.' देठ गोळा करून ती उठली. 'मी नाही सांगणार त्याला. तुम्ही सांगायचं. लग्नात, त्याच्या दारात, तुमच्या तोंडानं. मग पाया पडायचं त्याच्या.'

जावयानं धाकट्या मेव्हण्याच्या पाया पडायचं. असं आमच्याकडं कुणी कधी पाहिलं नसेल. मी हो म्हणालो.

लग्न नरसिंहपुरातच, देवळापासून थोड्या अंतरावर मांडव घालून. तिला गाडीतून उतरताना बघितलं आणि मेव्हणा हातातलं काम टाकून धावत आला. ती त्याच्या गळ्यात पडून रडली. त्याला वाटलं ती पोरीच्या लग्नानं रडते आहे. 'आगं आक्का, आजून पोरगी सासरी जायचीय, आत्ताच संपवू नगं पानी,' म्हणत तोही रडत होता आणि हसत होता. मी बाजूला उभा होतो. तेव्हा सांगता आलं असतं.

मग मांडवात त्याचा आवाज आला, 'आदी दाजी! आदी आमच्या दाजींला फेटा!' मला खुर्चीवर बसवलं. फेटे बांधायला खास माणूस आणला होता, पण त्याला सारून मेव्हणा स्वतः पुढं झाला. 'ह्यो फेटा म्या बांदनार.' भोवती पाव्हणे जमले.

'सर, ताठ बसा, न्हायतर तुरा वाकडा यील.'

'त्यांला सवय हाय वाकडं करायची, झाडं वाकवत्यात ते!'

सगळे हसले. मेव्हण्याची बोटं माझ्या कपाळावर होती, फेट्याचा पदर ताणत, वेढे देत. बायको समोर बायकांमध्ये उभी होती आणि माझ्याकडंच बघत होती. शेवटचा वेढा खोचताना तो वाकून कानात म्हणाला, 'आक्काला तुमी समजावून आनली, म्हाईत हाय मला. लई उपकार झालं, दाजी.'

मी म्हणालो, 'छे, त्यात काय.'

जेवणं झाली, पोरगी सासरी गेली, मांडव रिकामा होत आला. मी गाडीपाशी जाऊन उभा राहिलो, फेटा डोक्यावरच. बायको आली.

'सांगितलं?'

'गर्दी होती फार.'

'आत्ता नाही गर्दी.'

मेव्हणा पलीकडं आचाऱ्याशी हिशेबाचं बोलत होता, बाकी जवळ कुणी नव्हतं. मी त्याच्याकडं बघितलं आणि किल्ली काढली. तिनं मागचं दार उघडून स्वतःची पिशवी काढून घेतली. 'तुम्ही व्हा पुढं,' म्हणाली. 'सांगाल तेव्हा न्यायला या.'

ती तिकडंच आहे. गच्चीवरची झाडं उन्हाळ्यानं जात आहेत. बॉटलब्रश तेवढा ट्रेमधल्या पाण्यावर तग धरून आहे. मी हे सगळं लिहून काढलं, कुठंतरी छापूनही येईल. पण मेव्हणा वर्तमानपत्राचा उसाच्या भावापलीकडचा मजकूर वाचत नाही. म्हणजे ज्याला सांगायचं त्याच्यापर्यंत हे पोचणार नाही. ते ठाऊक आहे म्हणूनच इतकं मोकळेपणानं लिहिता आलं.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला होता.

'दाजी, तुमचं न् आक्काचं काय वाजलं का? इचारलं तर बोलत न्हाय, नदीवर जाऊन बसती. आवं, तिच्या रागावर जाऊ नगा. तुमी काळजी करू नगा, म्या समजावतो तिला. म्हनतो, दाजींसारका मानूस पुन्यांदा मिळायचा न्हाय, गप घरी जा. सांगू ना?'

मी म्हणालो, 'बघा सांगून. तुमचं ऐकलं तर ऐकलं.'